ग्रीसच्या नावावर केलेलं नवं-जुनं

आपल्याकडे कर्जमाफीची मागणी झाली, जुन्या पेन्शनसाठी संप झाला, 'लाडकी बहीण'चा हप्ता खात्यात पडू लागला, की वादात ग्रीस हमखास येतो. 'असंच चाललं तर आपला ग्रीस होईल.' हे वाक्य एवढं वापरून झालंय की म्हणणाऱ्याला पुढचं काही सांगावंच लागत नाही. पुढची गोष्ट ऐकणाऱ्याला पाठ आहे असं तो धरून चालतो. ग्रीक माणूस आळशी. त्याने वर्षानुवर्षं ऋण काढून सण केला. सावकार दारात आला तेव्हा युरोपने मोठ्या मनाने त्याला वाचवलं. जरा कुठे घडी बसत होती, तोच २०१५ साली डाव्यांचं एक उद्धट सरकार आलं, ज्यांनी वाचवलं त्यांच्याशीच त्याने भांडण उकरून काढलं, बँका बंद पाडल्या आणि सहा महिन्यांनी मान खाली घालून त्याच अटींवर सही केली.

महाराष्ट्राने किती कर्ज काढावं, कुणाला किती द्यावं, हा स्वतंत्र वाद आहे आणि तो इथल्या आकड्यांवरच व्हायला हवा. पण त्या वादात पुरावा म्हणून ठेवली जाणारी ग्रीसची ही गोष्ट खोटी आहे. एखाददुसरा तपशील चुकला असता तर सोडून देता आलं असतं. इथे पैसा कुणाकडून कुणाकडे गेला हेच उलटं सांगितलं जातं, आणि या उलट्या गोष्टीची भीती घातली जाते ती 'लाडकी बहीण'च्या दीड हजार रुपयांवर नजर लावून बसलेल्या बाईला.

आळशीपणाचं आधी संपवू. 'ओईसीडी' ही श्रीमंत देशांची संघटना दरवर्षी कामाचे तास मोजते. तिच्या मोजणीत संकटाच्या त्या वर्षांत ग्रीक कामगार वर्षाला सरासरी दोन हजार तासांच्या आसपास राबत होता, जर्मन कामगार चौदाशेच्या आसपास. काही सरकारी खात्यांत लवकर निवृत्त होण्याच्या सवलती होत्या, हे खरंच आहे. तेवढ्याने देश बुडत नाही.

सण झाला हे मात्र मान्य करायला हवं. तो कुणाच्या घरी झाला, तेही पाहायला हवं. १ जानेवारी २००१ ला ग्रीस युरोत आला आणि जवळजवळ जर्मनीच्याच व्याजदराने त्याला कर्ज मिळू लागलं. त्याच वर्षी गोल्डमन सॅक्सने चलनांच्या अदलाबदलीचा एक व्यवहार रचून दिला आणि सुमारे २.८ अब्ज युरोचं कर्ज सरकारी हिशेबात दिसेनासं झालं. शस्त्रखरेदी जोरात होती. जर्मनीकडून पाणबुड्या घेतल्या गेल्या. त्या काळातले संरक्षणमंत्री आकिस त्सोहात्झोपुलोस यांना शस्त्रव्यवहारांतल्या लाचेचा पैसा फिरवल्याबद्दल २०१३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. लाच देणाऱ्या बाजूने फेरोस्टाल या जर्मन कंपनीने २०११ मध्ये सुमारे १४ कोटी युरोचा दंड कबूल केला. जहाजमालकांच्या करसवलतीला तर राज्यघटनेचंच संरक्षण होतं. २०१० मध्ये फ्रान्सच्या तेव्हाच्या अर्थमंत्री क्रिस्टीन लगार्द यांनी स्वित्झर्लंडच्या एका बँकेतल्या जवळपास दोन हजार ग्रीक खातेदारांची यादी अथेन्सला पाठवली. दोन वर्षं त्या यादीवर धूळ बसली. कोस्तास वाक्सेव्हानिस या पत्रकाराने २०१२ मध्ये ती छापली, तेव्हा अटक झाली ती त्याला. पुढे कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं.

म्हणजे ग्रीसची सरकारं खोटं बोलली का? बोलली. ऑक्टोबर २००९ मध्ये जॉर्ज पापांद्रेऊ निवडून येऊन पंतप्रधान झाले तेव्हा आधीच्या सरकारने जीडीपीच्या ६ टक्क्यांच्या आसपास सांगितलेली तूट १२ टक्क्यांच्या पुढे निघाली, आणि फेरतपासणीत १५ च्याही वर गेली. या लपवाछपवीबद्दल त्या राजकारण्यांना जेवढं बोल लावाल तेवढं थोडं. पण पुढे जी वसुली झाली ती त्यांच्याकडून झाली नाही.

ही वसुली कशी झाली ते कळायला परदेशी अर्थशास्त्र वाचावं लागत नाही. गावच्या सोसायटीचं पीककर्ज ज्याने काढलंय त्याला मार्चमधलं 'नवं-जुनं' ठाऊक असतं. थकलेलं कर्ज भरल्याचं दाखवायचं, लगेच वाढीव रकमेचं नवं कर्ज मंजूर करायचं. सोसायटीची वसुली चोख, शेतकऱ्याच्या हातात काही नाही, आणि बोजा व्याजासकट वाढलेला. मे २०१० मध्ये ग्रीसच्या नावावर हेच झालं, एका फरकाने. नवं कर्ज देणारा वेगळा होता. जुनं कर्ज प्रामुख्याने युरोपातल्या खासगी बँकांचं होतं, त्यांत फ्रान्स आणि जर्मनीच्या बँका मोठ्या. नवं कर्ज ११० अब्ज युरोचं. त्यातले ८० अब्ज युरो वापरणाऱ्या देशांच्या सरकारांनी आणि ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने द्यायचे ठरले. या पैशातून जुने कर्जरोखे मुदतीप्रमाणे फेडले गेले. बँका सुटल्या आणि त्यांच्या जागी युरोपचा करदाता उभा राहिला. ज्यांनी डोळे झाकून कर्ज दिलं त्यांच्या अंगाला तोशीस लागायच्या आत बहुतेकांना बाहेर पडायला वाट मिळाली.

हा डाव्यांचा आरोप आहे असं कुणी म्हणू नये. बर्लिनच्या 'ईएसएमटी' या व्यवस्थापनशिक्षण संस्थेने २०१६ मध्ये या कर्जाचा आणि त्यानंतरच्या दुसऱ्या पॅकेजचा मिळून हिशेब मांडला. एकूण २१५.९ अब्ज युरो दिले गेले. त्यांतले ग्रीक सरकारच्या खर्चासाठी प्रत्यक्ष पोचले ९.७ अब्ज, म्हणजे ५ टक्क्यांहूनही कमी. बाकीचे जुनी मुद्दलं, व्याज आणि बँकांचं भांडवल यांत गेले. शंभरातले पंचाण्णव ज्याच्या हाताला लागलेच नाहीत, त्याला आपण 'वाचवला' म्हणतो.

आणि हे असं होणार हे त्या दिवशीच सांगितलं गेलं होतं. ९ मे २०१०, रविवार. वॉशिंग्टनमध्ये नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळाची बैठक ग्रीसचं कर्ज मंजूर करायला बसली. तिचा वृत्तान्त तीन वर्षांनी, २०१३ मध्ये, वर्तमानपत्रांतून बाहेर आला. त्या टेबलावर भारताचे प्रतिनिधी होते अरविंद विरमाणी. चलनाच्या बाजूने कसलाही आधार नसताना एवढी मोठी खर्चकपात आजवर कुठेच झालेली नाही, अर्थव्यवस्थेला हा भार झेपणं कठीण आहे, आणि कर्जाच्या अटींचा हा कार्यक्रम नेमका पाळला तरी किमती, रोजगार आणि महसूल एकमेकांना खाली ओढत जातील व शेवटी कार्यक्रमच कोसळेल, असं त्यांनी बजावलं. ब्राझीलचे पाउलो नोगेइरा बातिस्ता यांनी तर हे ग्रीसला वाचवणं नसून ग्रीसच्या खासगी धनकोंना, मुख्यतः युरोपीय वित्तसंस्थांना, सोडवणं ठरेल असं स्पष्ट म्हटलं. भारत, ब्राझील, अर्जेंटिना हे देश नाणेनिधीच्या अटी अंगावर झेलून बसलेले होते. त्यांना कळत होतं. मतांचं वजन मात्र अमेरिका आणि युरोपकडे होतं. नाणेनिधीचा स्वतःचा नियम असा होता की कर्ज फिटण्याची दाट शक्यता असेल तरच एवढी मोठी रक्कम द्यायची. ग्रीसबद्दल तसं म्हणता येत नव्हतं, म्हणून नियमालाच पळवाट काढली: संकट इतर देशांत पसरण्याचा धोका असेल तर ही अट लागू नाही. ही पळवाट जानेवारी २०१६ मध्ये गुपचूप नव्हे, ठराव करून बुजवली गेली.

विरमाणींच्या म्हणण्यातला चलनाचा मुद्दा मराठी वाचकाने नीट पाहावा. १९९१ मध्ये आपणही सोनं गहाण टाकून नाणेनिधीच्या दारात गेलो होतो. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात रिझर्व्ह बँकेने रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन केलं, निर्यातीला हात मिळाला, आणि दोन-तीन वर्षांत गाडी रुळावर आली. ग्रीसकडे स्वतःचं चलनच नव्हतं. द्राख्मा जाऊन युरो आला होता आणि युरोची किल्ली फ्रँकफर्टमधल्या युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे होती. चलन स्वस्त करता येत नाही तेव्हा माणूस स्वस्त करावा लागतो.

आणि तो केला. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन ७५१ युरोवरून ५८६ वर आणलं. पंचविशीच्या आतल्यांना त्याहूनही कमी, ५११. पेन्शन पुन्हा पुन्हा कापली. एप्रिल २०१२ मध्ये एका ७७ वर्षांच्या निवृत्त औषधविक्रेत्याने संसदेसमोरच्या सिंटाग्मा चौकात, सकाळच्या गर्दीत, स्वतःवर गोळी झाडून घेतली. कचऱ्यात अन्न शोधायची वेळ येण्याआधी मरतो, असं त्याच्या चिठ्ठीत होतं. नोकरी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली की आरोग्यविमाही जायचा. अथेन्सजवळ एलिनिको इथे, जुन्या विमानतळाच्या आवारात, डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी लोकांकडून उरलेली औषधं गोळा करून अशा विमा नसलेल्यांसाठी दवाखाना चालवला. अर्थमंत्रालयात झाडलोट करणाऱ्या ५९५ बायकांना २०१३ मध्ये कमी केलं आणि सफाईचं काम कंत्राटावर दिलं. यांतल्या बऱ्याच जणी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, घर एकटीच्या कमाईवर चालवणाऱ्या. मंत्रालयाच्या दारात त्यांनी महिनोन् महिने ठाण मांडलं. हातात लाल रबरी हातमोजे, तीच त्यांची खूण. धनकोंचे अधिकारी चर्चेला याच दारातून आत जायचे, आणि या बायकांना पोलीस बाजूला ढकलायचे. पाणबुड्यांची लाच यांनी खाल्ली नव्हती. स्विस बँकेच्या यादीत यांची नावं नव्हती.

यातून निदान कर्ज तरी कमी झालं का? २००९ मध्ये जीडीपीच्या १३० टक्क्यांच्या आत असलेलं कर्ज २०१४ मध्ये १८० टक्क्यांजवळ गेलं, आणि तेही मध्येच, मार्च २०१२ मध्ये, खासगी धनकोंच्या रोख्यांना दर्शनी किमतीत ५३.५ टक्के कात्री लागल्यावर. (तोवर परदेशी बँकांतल्या बऱ्याच निसटल्या होत्या, ग्रीसच्या पेन्शन फंडांकडचे रोखे मात्र त्या कात्रीत सापडले.) कारण उघड आहे. कर्जाला भागायचं ते उत्पन्नाने, आणि उत्पन्नच पाव हिश्श्याने आटलं. २००९ ते २०१२ या काळात जीडीपी साडेपाच टक्क्यांनी घटेल असा नाणेनिधीचा अंदाज होता. तो १७ टक्क्यांनी घटला. बेकारी १५ टक्क्यांवर जाईल म्हणाले होते. ती २५ वर गेली, २०१३ मध्ये २७ च्या पुढे, आणि तरुणांत तर निम्म्याहून अधिक जण बेकार होते. हे सगळं नाणेनिधीनेच जून २०१३ च्या अहवालात कबूल केलं. कर्जाची पुनर्रचना आधीच व्हायला हवी होती, उशिरामुळे खासगी धनकोंना बाहेर पडायला सवड मिळाली, असंही त्यात आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि डॅनियल ली यांनी दाखवून दिलं होतं की युरोपातल्या खर्चकपातीचा उत्पन्नावर होणारा परिणाम तज्ज्ञांनी फार कमी धरला होता. चूक कबूल झाली. अटी तशाच राहिल्या.

या पार्श्वभूमीवर २५ जानेवारी २०१५ ला सिरिझा हा डावा पक्ष निवडून आला, तीनशेपैकी १४९ जागा घेऊन. इथून पुढची गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त मोडतोड करून सांगितली जाते.

'अर्थव्यवस्था सावरत होती आणि यांनी वाट लावली' असं म्हणतात. २०१४ मध्ये वाढ एक टक्काही नव्हती, तीही पाव हिस्सा उत्पन्न गेल्यानंतरची. आधीचे पंतप्रधान समारास यांच्या सरकारलाही धनकोंची पाहणी वेळेत पूर्ण करता आली नव्हती. कार्यक्रमाला डिसेंबरमध्ये दोन महिन्यांची मुदतवाढ घ्यावी लागली ती त्यांच्याच काळात. निवडणूक मुदतीआधी आली कारण राष्ट्राध्यक्ष निवडायला लागणारी १८० मतं समारास यांना संसदेत मिळाली नाहीत. म्हणजे सिरिझाच्या हातात आली ती सावरलेली घडी नव्हती. फेब्रुवारीअखेर संपणारा कार्यक्रम, रिकामी तिजोरी आणि उन्हाळ्यात फेडायचे हप्ते, एवढं आलं.

मागणी काय होती? कर्ज बुडवतो असं नवे पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास किंवा त्यांचे अर्थमंत्री यानिस वारूफाकिस म्हणाले नव्हते. हप्ते उत्पन्नाच्या वाढीशी जोडा, मुदती लांबवा, दरवर्षी बाजूला काढायची शिल्लक कमी धरा, हे म्हणत होते. यात क्रांतिकारक काहीही नाही. १९५३ च्या लंडन कराराने पश्चिम जर्मनीला नेमकी हीच सोय मिळाली होती: जवळपास निम्मं कर्ज माफ, उरलेल्याला लांबची मुदत, आणि फेड देशाच्या व्यापारातल्या कमाईला झेपेल अशी. त्या करारावर सही करणाऱ्या धनको देशांत ग्रीस होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी ज्याचं धान्य नेलं, ज्याच्या राजधानीत माणसं भुकेने मेली, तो ग्रीस.

या मागणीला उत्तर चर्चेत मिळालं नाही. ते ४ फेब्रुवारीला, सरकार येऊन दहा दिवस होत नाहीत तोच, युरोपीय मध्यवर्ती बँकेकडून आलं: ग्रीक सरकारचे रोखे तारण म्हणून यापुढे चालणार नाहीत. त्यामुळे ग्रीक बँकांना नेहमीच्या खिडकीवर पैसा मिळेना. आणीबाणीचा, महाग पैसा घ्यावा लागला, आणि त्याची मर्यादा दर आठवड्याला फ्रँकफर्ट ठरवणार. बँकेतून ठेवी काढायला लोकांनी सुरुवात केली ती वारूफाकिस यांच्या शर्टाच्या कॉलरमुळे किंवा भाषणांमुळे नव्हे. नळाची चावी कुणाच्या हातात आहे हे त्यांना दिसत होतं. २८ जूनला मध्यवर्ती बँकेने ही मर्यादा गोठवली आणि दुसऱ्या दिवशी बँका बंद. एटीएममधून दिवसाला ६० युरो. कार्ड नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी दोन-तीन दिवसांनी काही शाखा उघडल्या, १२० युरो देण्यापुरत्या. त्या रांगांत कडाक्याच्या उन्हात काठ्या टेकत उभी माणसं सगळ्या जगाने पाहिली. बँका सरकारने बंद पाडल्या, असं जे लिहितात त्यांनी ४ फेब्रुवारी आणि २८ जून या तारखा आपल्या लेखात एकदा तरी घालाव्यात.

मग सार्वमत. ५ जुलैला ६१.३ टक्के लोकांनी धनकोंच्या अटींना 'नाही' म्हटलं, बँका बंद असताना, उद्या युरोतून बाहेर फेकले जाल असं रोज ऐकत असताना. त्याला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी आणखी एक कागद पाहावा. सार्वमताच्या तीन दिवस आधी, २ जुलैला, नाणेनिधीने ग्रीसच्या कर्जाचं स्वतःचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. सवलत दिल्याशिवाय हे कर्ज पेलणारं नाही, असं त्यात लिहिलं होतं. ते प्रसिद्ध होऊ नये म्हणून युरोपीय सदस्यांनी प्रयत्न केले होते. ज्या मुद्द्यासाठी सरकार भांडत होतं तो मुद्दा धनकोंतल्याच एकाने लेखी मान्य केला होता.

त्सिप्रास सरकारवर माझा आरोप आहे, आणि तो नेहमीच्या आरोपाच्या बरोबर उलट आहे. ते फार भांडलं म्हणून नव्हे; भांडायला गेलं तेव्हा त्याच्याकडे बँका बंद पडल्यास काय करायचं याची तयारी नव्हती. ४ फेब्रुवारीनंतर पैसा बाहेर जायला बंधनं घालायला हवी होती. ती घातली नाहीत. पाच महिने ठेवी वाहत राहिल्या. जहाजमालकांना आणि करबुडव्यांना हात घालायला हवा होता, लोकांचा पाठिंबा ताजा असताना; तो घातला नाही. सार्वमत घेतलं आणि त्याच्या निकालावर आठ दिवसांत पाणी सोडलं. १३ जुलैच्या पहाटे, सतरा तासांच्या बैठकीनंतर, ब्रुसेल्समध्ये जे मान्य केलं ते जनतेने नाकारलेल्या अटींहून कठोर होतं. लोकांनी दिलेला कौल स्वतःच्या हाताने मोडणं, हा त्या सरकारचा सगळ्यात मोठा अपराध. हे बोलायला मला कसलाही संकोच वाटत नाही. पण उद्धटपणा, अव्यवहार्यपणा हे आरोप ज्यांच्या मागणीला नाणेनिधीचा दुजोरा होता त्यांच्यावर करणं, ही निव्वळ बेइमानी आहे.

त्या पहाटेचा कागद वाचण्यासारखा आहे. युरोप वाचवायला जमलेल्या एकोणीस राष्ट्रप्रमुखांनी ग्रीसकडून काय लिहून घेतलं? दुकानं रविवारी उघडी ठेवण्याबद्दलचे नियम. औषधदुकानांची मालकी. बेकऱ्या. दूध. ५० अब्ज युरोची सरकारी मालमत्ता विक्रीसाठी वेगळ्या निधीत टाकायची. तो निधी आधी लक्झेंबर्गमध्ये ठेवायचा बेत होता, फार ताणल्यावर अथेन्सवर आला. आणि महत्त्वाच्या कायद्यांचे मसुदे संसदेत किंवा लोकांपुढे ठेवण्याआधी धनकोंना दाखवायचे. जर्मनीचे अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांच्या खात्याने त्याआधी तीन दिवस ग्रीसला पाच वर्षं युरोबाहेर ठेवण्याचा कागद फिरवला होता. कर्जाची वसुली समजू शकते. एखाद्या देशाच्या संसदेआधी सावकाराने कायदा वाचायचा, ही वसुली नाही.

'या सहा महिन्यांच्या तमाशाची किंमत ८६ अब्ज, शंभर अब्ज,' असे आकडे फेकले जातात. ८६ अब्ज ही त्या जुलैतल्या तडजोडीतून आलेल्या तिसऱ्या पॅकेजची कमाल मर्यादा. त्यांतले घेतले गेले ६१.९ अब्ज, आणि तेही बरेचसे जुनं फेडायलाच. जुन्या कर्जाच्या फेडीला नव्या सरकारची उधळपट्टी म्हणायचं, ही हिशेबाची कुठली पद्धत? नुकसान झालं, बँकांचे समभाग कवडीमोल झाले, वर्ष वाया गेलं, हे खरं. पण २०१५ या बदनाम वर्षात जीडीपी अर्ध्या टक्क्याच्या आतच घसरला. आज्ञाधारक सरकारांच्या काळात, २०११ मध्ये एकाच वर्षात, तो ९ टक्क्यांच्या पुढे घसरला होता.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. स्लोव्हाकियाचा. तो देश तेव्हा ग्रीसहून गरीब, तिथली पेन्शन ग्रीसहून कमी, मग तिथल्या माणसाने ग्रीसला का पैसे द्यावेत? २०१० मध्ये स्लोव्हाकियाने पहिल्या कर्जात सहभागी व्हायला नकार दिला. २०११ मध्ये बचावनिधीच्या प्रश्नावर इव्हेता रादिचोव्हा यांचं सरकार पडलं. ब्रातिस्लाव्हातल्या त्या माणसाचा राग शंभर टक्के रास्त आहे. तो चुकीच्या दारात जाऊन पडला, एवढंच. त्याला सांगितलं गेलं की तुझा पैसा ग्रीक पेन्शनरकडे चाललाय. तो चालला होता पॅरिस आणि फ्रँकफर्टच्या बँकांकडे. दोन गरिबांना एकमेकांवर घालून मधल्यामध्ये बँका सुटल्या, आणि हे करणारी सरकारं पुढच्या निवडणुकांत शिस्तप्रिय म्हणून मिरवली. जर्मनीला तर यात खर्च नव्हे, बचत झाली: गुंतवणूकदार घाबरून जर्मन रोख्यांकडे धावले आणि व्याज उतरलं. हाले शहरातल्या अर्थसंशोधन संस्थेने २०१५ मध्ये ही व्याजबचत शंभर अब्ज युरोहून जास्त काढली होती.

राहिला शेवटचा युक्तिवाद: 'कडू औषध होतं, पण लागू पडलं, आता बघा.' २०२३ मध्ये ग्रीसला गुंतवणूकयोग्य पत परत मिळाली, कर्जाचं प्रमाण २०२० च्या दोनशे टक्क्यांवरून २०२४ मध्ये १५४ च्या आसपास आलं. दोन्ही खरं आहे. जीडीपी अजून २००८ च्या पातळीला पोचलेला नाही आणि दरडोई क्रयशक्ती युरोपीय संघाच्या सरासरीच्या ७० टक्क्यांच्या आसपास, तळाशी, हेही खरं आहे. पण कर्ज पेलता येऊ लागलं ते कशामुळे? जून २०१८ मध्ये लक्झेंबर्गला युरो देशांच्या अर्थमंत्र्यांनी ग्रीसच्या जवळपास ९६ अब्ज युरोच्या कर्जाची मुदत दहा वर्षांनी लांबवली आणि त्यावरचं व्याज व हप्ते आणखी दहा वर्षं पुढे ढकलले. हेच वारूफाकिस फेब्रुवारी २०१५ मध्ये मागत होते. याचीच गरज नाणेनिधीने जुलै २०१५ मध्ये लिहून दिली होती. तेव्हा जे अशक्य होतं ते तीन वर्षांनी एका बैठकीत शक्य झालं. मधल्या काळात चौदा विमानतळ चाळीस वर्षांसाठी फ्रापोर्ट या जर्मन कंपनीकडे गेले, जिची निम्म्याहून थोडी जास्त मालकी हेसन राज्य आणि फ्रँकफर्ट महापालिकेची. पिरेअस बंदराचे ५१ टक्के चीनच्या कोस्कोने घेतले. पेन्शनला आणखी कात्री लागली. आणि २०२२ पर्यंत दरवर्षी जीडीपीच्या साडेतीन टक्के, त्यानंतर २०६० पर्यंत सरासरी २.२ टक्के शिल्लक बाजूला काढत राहू, असं ग्रीसकडून लिहून घेतलं गेलं.